बटणापासून बाराखडीपर्यंत

शाळेच्या शर्टाचं एक बटण लावायला किती कामं करावी लागतात, ते एकदा सावकाश करून बघा. डाव्या हाताच्या चिमटीत काजाची कड धरायची. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात बटण तिरकं करायचं. ते अर्धं काजात सारायचं. मागे घसरायच्या आत डाव्या अंगठ्याने पलीकडून पकडायचं आणि मग एका हाताने बटण, दुसऱ्याने कापड असं उलट दिशांना ओढायचं. तुम्ही-आम्ही हे रिक्षाचा हॉर्न ऐकत, बोलता बोलता उरकतो. साडेसहा वर्षांचं एखादं मूल मात्र तिसऱ्या पायरीवर अडकतं. बटण निसटतं, पुन्हा निसटतं, रिक्षा खाली खोळंबलेली असते आणि शेवटी आईच पुढे होऊन सगळी बटणं लावून टाकते. त्याच मुलाच्या वहीत बाईंचा शेरा असतो: ‘अक्षर सुधारणे’. मधल्या सुट्टीत त्याचा डबा मित्र उघडून देतो. हस्तकलेच्या तासाला त्याची कात्री कागद कापत नाही, चावते. घरी त्याला धांदरट म्हणतात, शाळेत आळशी.

डोळ्यांच्या मदतीने बोटांच्या आणि मनगटाच्या लहान स्नायूंनी करायच्या या कामांना शिक्षणाच्या भाषेत ‘सूक्ष्म कारक कौशल्यं’ म्हणतात. ती मागे पडली की बालरोगतज्ज्ञ ‘ओटी’ला पाठवतात, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला. झोके, मोठाले चेंडू आणि रंगीत गोळ्यांच्या बरण्या असलेल्या या खोल्या शहरांत आता ठिकठिकाणी दिसतात. तिथे पाऊल टाकताना पालकांच्या मनात तीन प्रश्न असतात. मुलाला याची खरंच गरज आहे का? इथे नेमकं करतात काय? आणि त्यातलं उपयोगी काय ठरतं? तिन्हींची उत्तरं आज बऱ्यापैकी हाताशी आहेत.

हात कसा घडतो

नवजात बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की ते मुठीत घट्ट आवळतं. आजीला वाटतं, ओळखलं! पण ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. पहिल्या सहाएक महिन्यांत ती विरते आणि मग स्वतःच्या इच्छेची पकड सुरू होते. चार-पाच महिन्यांचं बाळ वस्तूकडे हात नेतं, सहाव्या-सातव्या महिन्यात खुळखुळा या हातातून त्या हातात घेतं. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतात. फरशीवर पडलेला चुरमुरा, जो आपल्याला दिसलाही नव्हता, बाळाच्या चिमटीतून थेट तोंडात जातो. धरण्याइतकंच सोडणंही शिकावं लागतं. ठरवून, हव्या जागी वस्तू सोडता येणं वर्षाच्या आसपास जमतं. तेव्हा बाळ चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकतं आणि आपण वैतागतो, ते त्याच्या सरावाचे दिवस असतात.

पुढे ठोकळे आणि रेघा येतात. सव्वा वर्षाचं मूल दोन ठोकळे एकमेकांवर ठेवतं, दोन वर्षांचं साधारण सहा. तिसऱ्या वर्षी बघून गोल काढता येतो, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचारच्या पुढे चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण. आधी उभी-आडवी रेघ, तिरकी नंतर, असा हा क्रम असतो. पेन्सिलही आधी मुठीत असते, मग तळवा खाली करून सगळ्या बोटांत, साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटांत आणि पाच-सहा वर्षांनंतर ती तीन बोटं मनगट न हलवता स्वतंत्रपणे फिरू लागतात. म्हणजे बालवाडीत ज्या वयात आपण चार रेघी वही हातात देतो, त्या वयात बऱ्याच मुलांच्या हातात लेखन अजून आलेलं नसतं.

हे वेळापत्रक सरासरीचं आहे, दोन-चार महिने इकडे-तिकडे झाले तर घाबरायचं कारण नाही. एक खूण मात्र अजिबात दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पहिल्या वर्षाच्या आतच मूल सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक करत बसू नये. इतक्या लवकर हाताची आवड ठरत नसते. दुसऱ्या हातात अडचण असू शकते आणि ती डॉक्टरांनी बघायला हवी.

मागे कोण पडतं

कारणं एकासारखी एक नसतात. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञाच बिघडलेल्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल आणि सांधे जास्त लवचिक, त्यामुळे पकडीला जोर येत नाही. वेळेआधी जन्मलेल्या आणि स्वमग्न मुलांतही हातकामाची अडचण वारंवार दिसते. या सगळ्यांहून मोठा गट मात्र कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या मुलांचा आहे. बुद्धी चांगली, तपासण्या सामान्य, पण हालचालींची जुळवाजुळव जमत नाही. याला ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ म्हणतात, जुन्या बोलण्यात डिस्प्रॅक्सिया. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत याचं प्रमाण ५ ते ६ टक्के धरलं जातं. चाळीसच्या वर्गात साधारण दोन मुलं. मुलींपेक्षा मुलगे जास्त.

या मुलांचा शाळेचा दिवस कसा जातो याचा अंदाज एका जुन्या अभ्यासावरून येतो. १९९२ साली अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांत निरीक्षकांनी घड्याळ लावून नोंदी केल्या. शाळेच्या वेळातला ३१ ते ६० टक्के भाग मुलं हाताच्या बारीक कामांत घालवत होती आणि त्यातलं बहुतेक काम लिहिण्याचं होतं. फळ्यावरचं उतरवून घेण्यावर भर असलेल्या आपल्या वर्गांत हे चित्र फार वेगळं नसावं. ज्याचा हात चालत नाही, त्याच्यासाठी एवढा वेळ रोजची परीक्षा असते. डोक्यातलं उत्तर कागदावर पोचेपर्यंत तास संपतो.

व्यवसाय म्हणजे काय?

ऑक्युपेशनल थेरपीचा मराठी प्रतिशब्द ‘व्यवसायोपचार’. इस्पितळातली ही पाटी वाचून ‘एवढ्याशा पोराला कसला व्यवसाय शिकवणार?’ असं विचारणारे पालक आजही भेटतात. इथे व्यवसाय म्हणजे माणूस ज्यात गुंतलेला असतो ते काम. मुलाच्या बाबतीत ते खेळणं, जेवणं, कपडे घालणं, शाळेत लिहिणं.

या शास्त्राचं आपल्याकडचं मूळ मुंबईत आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमलाबाई निंबकर झाल्या. अमेरिकेत हे प्रशिक्षण घेऊन भारतात परत आल्यावर त्यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात आशियातलं पहिलं व्यवसायोपचार विद्यालय सुरू केलं. १९५२ साली जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली शाळा ‘कमला निंबकर बालभवन’ या नावाने चालते. हाताला काम देणाऱ्या बाईंचं नाव शाळेला असावं, हे सुरेख जुळून आलं आहे.

खोलीच्या आत

चांगला थेरपिस्ट मुलाच्या बोटांकडे नंतर बघतो. आधी बघतो मूल बसलंय कसं. पाय बाकाखाली लोंबकळत असतील, पाठ वाकली असेल, तर मूल अर्धी शक्ती न पडण्यात घालवतं. बोटांना स्थिर मनगट लागतं, मनगटाला खांदा आणि खांद्याला पाठ. म्हणून कधी कधी अक्षराचा पहिला उपाय पायाखाली ठेवलेला लाकडी पाट असतो.

मग कामाची फोड. सुरुवातीचं बटण आठवा. थेरपिस्ट पाचही पायऱ्या मुलासमोर मांडते आणि पहिल्या चार स्वतः करते. बटण काजातून जवळजवळ बाहेर आलेलं असतं, मुलाने फक्त ओढायचं. बटण लागतं, मूल वर बघतं. दोन-चार दिवसांनी ती तीनच पायऱ्या करते, शेवटच्या दोन मुलाच्या. असं शेवटाकडून सुरुवातीकडे येत येत सगळं काम मुलाच्या हातात जातं. फायदा असा की प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते मुलाच्याच हातून. आपण घरी नेमकं उलटं करतो. सुरुवात मुलाला करू देतो आणि वैतागून शेवट आपण उरकतो.

साधनांतल्या युक्त्याही अशाच साध्या. सुरुवातीला मोठं बटण आणि सैल काज, तेही मांडीवर पसरलेल्या कापडावर. कारण स्वतःच्या छातीवरचं बटण नीट दिसत नाही. खडूचा लांब तुकडा मुठीत जातो, पण बोटाच्या पेराएवढा तुकडा तीन बोटांखेरीज धरताच येत नाही. भिंतीवर लावलेल्या फळ्यावर लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात. मारिया माँटेसरी यांच्या दट्ट्याच्या खेळातल्या छोट्या मुठी अशाच तीन बोटांत धराव्या लागतात. पेन्सिल येण्याआधीच पकड घडत असते.

काय टिकतं, काय नाही

या क्षेत्रात गेली पन्नास वर्षं दोन विचार शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिला म्हणतो, आधी पाया सुधारा: संवेदना, तोल, स्नायूंची ताकद, काम आपोआप जमेल. अमेरिकन थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९७२ च्या ग्रंथातून मांडलेली ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ची पद्धत याच वळणाची. केंद्रांतले झोके तिथून आले. दुसरा विचार म्हणतो, जे काम जमत नाही तेच काम, मुलाला झेपेल असं करून, त्याच्या खऱ्या जागी शिकवा.

पुराव्याचं पारडं हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकलं आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ साली डॉक्टरांना सुचवलं, की सेन्सरी उपचारांचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा आणि मुलाला खरोखर फरक पडतो का ते कसं तपासायचं हेही शिकवा. झोका वाईट नाही. मूल आनंदाने येतं, सावध होतं, शांत होतं. पण झोक्यावरून उतरलेल्या मुलाला बटण लावता येतं, असं मानायला आधार फार थोडा आहे.

सेरेब्रल पाल्सीबाबत चित्र याहून स्पष्ट आहे. आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली सगळ्या उपचारांना सिग्नलच्या तीन रंगांत मांडलं. थेरपिस्टने मुलाचे हात-पाय धरून हालचाल ‘बसवण्याची’ अनेक दशकं चाललेली पद्धत लाल रंगात गेली. हिरव्यात आले ते मुलाने स्वतः करायचे उपाय: ठरावीक ध्येय घेऊन केलेला सराव, दोन्ही हात लागतील अशा खेळांचा सघन सराव आणि चांगल्या हाताला काही काळ मोजा चढवून अधू हाताला कामाला लावणं. घरी करायचा नीट आखलेला सरावही हिरव्याच रंगात होता. पालकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. घरचा सराव हा उपचाराचाच भाग असतो.

धडपडणाऱ्या, गोंधळणाऱ्या मुलांसाठी कॅनडात हेलेन पोलाताय्को आणि अँजेला मँडिच यांनी एक पद्धत घडवली. मूल स्वतः काम निवडतं आणि चार पायऱ्या मोठ्याने बोलत ते सोडवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर: काय करायचं, कसं करायचं, करून बघू, जमलं का बघू. थेरपिस्ट उत्तर देत नाही, प्रश्न विचारते: ‘बटण निसटलं तेव्हा दुसरा हात कुठे होता?’ या मुलांसाठीच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा कलही प्रत्यक्ष काम शिकवण्याकडेच आहे.

अक्षराबद्दलचा निष्कर्ष तर आजी-आजोबांना न शिकवता माहीत होता. २०११ साली हस्ताक्षरावरच्या उपायांचा एकत्रित अभ्यास झाला. ज्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता, ते उपयोगी ठरले नाहीत, आणि वीसपेक्षा कमी वेळा सराव झाला तिथेही फरक दिसला नाही. कणकेचा गोळा कितीही दाबला, तरी अक्षर लिहिल्यानेच सुधारतं.

पकडीचा आग्रहही थोडा सैल करायला हवा. २०१२ साली कॅनडातल्या चौथीच्या मुलांचा अभ्यास झाला. तीन बोटांची सरळ पकड, तिचाच अंगठा आडवा टेकलेला प्रकार आणि चार बोटांच्या दोन पकडी, अशा चार रूढ पकडींत लिहिण्याच्या वेगात आणि वाचनीयतेत फरक आढळला नाही. हात दुखत नसेल, अक्षर वाचता येत असेल, तर आठ वर्षांच्या मुलाची पकड बदलायचा हट्ट कशाला?

देवनागरीची स्वतःची वाट

हे अभ्यास बहुतेक रोमन लिपीवरचे आहेत. आपल्या मुलाची वाट थोडी वेगळी आहे. ‘ग’, ‘म’, ‘न’ यांना उभ्या काठीचा आधार आहे, म्हणून ती लवकर जमतात. ‘इ’, ‘ह’, ‘झ’ मध्ये रेघ मध्येच दिशा बदलते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ लिहिताना मुलाला कुठून निघालो तेच आठवत नाही. शिवाय मात्रा वर, उकार खाली, वेलांटी कधी अक्षराच्या आधी तर कधी नंतर, आणि सगळ्यात शेवटी शिरोरेघ. ज्या मुलाला जागेचा अंदाज येत नाही, त्याची शिरोरेघ अक्षरांच्या डोक्यावरून नाही, गळ्यातून जाते. म्हणून अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता वळणाच्या कुळांनी घेणं शहाणपणाचं: ‘ग, म, भ, न’ एकत्र, ‘व, ब, क’ एकत्र, ‘ट, ठ, ढ, द’ एकत्र. एका कुळाचं वळण हातात बसलं की पुढची अक्षरं निम्मी येतात.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला, आणि बालबोध अक्षर घोटून सुंदर करण्यापासून त्याची सुरुवात होते. पंतोजींच्या काळी मूल आधी धुळाक्षरं काढत असे. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने गिरवायचं. बोटाला खरखर लागते, चुकलं तर हात फिरवला की झालं. पेन्सिल धरण्याचं ओझं नाही, खोडरबराने कागद फाटत नाही. आजचा थेरपिस्ट ताटात रवा पसरून अक्षर काढायला लावतो, ते याच कुळातलं. मात्र तिथेच थांबून चालत नाही, रव्यातलं अक्षर त्याच दिवशी कागदावर उतरायला हवं.

घर हीच खोली

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे महागडी साधनं परवडणारी नव्हती. बिया, पानं, शंख-शिंपले, खडे यांचीच साधनं झाली. घराघरांत हा साठा आजही आहे. मटार सोलणं, लसणाची साल काढणं, चिंचोके निवडणं, फुलं ओवणं, वाती वळणं, कणकेचे गोळे करून छोट्या लाटण्याने लाटणं, ओले रुमाल पिळून चिमटे लावून वाळत घालणं. सागरगोट्यांत तर उडवणं, उचलणं, झेलणं आणि मुठीत साठवणं एकाच वेळी असतं. एक भाकरी एका हाताने मोडून बघा म्हणजे बोटांना काय शिकवलं जातं ते कळेल. आमटी-भात कालवून घास करणाऱ्या मुलाला चमच्याने भरवणं म्हणजे दिवसातला वीस मिनिटांचा फुकट सराव काढून घेणं.

सगळ्याचं खापर पडद्यावर फोडण्याची आता रीत झाली आहे. पडद्यावर बोट सरकवल्याने हात बिघडतो असं म्हणण्यापेक्षा एवढं म्हणणं सरळ आहे, की काचेवर सरकवायला चिमूट लागत नाही, जोर लागत नाही, दुसरा हात लागत नाही. जो वेळ तिथे जातो तो मटाराच्या शेंगांचा जातो.

दार कुठे आहे

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारं पथक विकासातला विलंबही बघतं आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिसग्राफिया आणि डिस्प्रॅक्सिया यांची नावं आहेत. म्हणजे हाताच्या अडचणीमुळे लिहू न शकणाऱ्या मुलाला परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक मागण्याचा रस्ता आहे. प्रमाणपत्र मात्र वेळेत काढावं लागतं, दहावीच्या अर्जाच्या आदल्या महिन्यात नाही. महाराष्ट्रात व्यवसायोपचारकांची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे. केंद्रात शिरताना नोंदणी विचारणं हा उद्धटपणा नाही. अडचण अंतराची आहे. प्रशिक्षित थेरपिस्ट मोठ्या शहरांत एकवटले आहेत, आणि तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोनदा एसटीने मुलाला आणणं मजुरी बुडवणाऱ्या आईला झेपत नाही. म्हणूनही घरच्या सरावाचं मोल मोठं. महिन्यातून एकदा नीट दाखवून घेतलेलं आणि रोज घरी केलेलं काम, आठवड्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा पुष्कळदा जास्त टिकतं.

पाच वर्षांच्या मुलाला कात्री अजिबात चालवता येत नसेल, सहा-सात वर्षांचं मूल बटण, डबा, बूट यांच्यासाठी रोज कुणाचं तरी तोंड बघत असेल, लिहिताना हात दुखतो म्हणून रडत असेल, तर ‘मोठा झाला की येईल’ म्हणून थांबू नका. दाखवायला न्या. आणि पहिल्याच भेटीत थेरपिस्टला एक प्रश्न विचारा: ‘तीन महिन्यांनी माझं मूल कोणतं काम स्वतःच्या हाताने करू लागेल?’ उत्तरात एखाद्या कामाचं नाव आलं, तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. नुसतं ‘स्नायू मजबूत होतील’ असं उत्तर मिळालं, तर तोच प्रश्न पुन्हा विचारा.